छोटूची उदाहरणं

माझ्या रजेत वर्ग सांभाळणाऱ्या बदली बाईंनी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "एकदा तरी आणायचं होतं हो छोटूला. पोरं वाटेकडे डोळे लावून बसली होती."

मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

"तुमचा मुलगा म्हणजे आमच्या वर्गाचा जीव की प्राण! दात आला तेव्हा टाळ्या पिटल्या सगळ्यांनी. लवकरच आला म्हणायचा. माझा धाकटा वर्ष उलटलं तरी बोळकाच होता."

"हो का," मी म्हणाले.

त्यांना बस गाठायची होती. माझ्या दंडावर थोपटून त्या गेल्या. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या कपात चहाचा घोट शिल्लक होता. तो मी बेसिनमध्ये ओतला, कप विसळला आणि पालथा घातला.

आमच्या घरात छोटू नव्हता. तो जन्मला तेव्हा त्याने श्वास घेतला नाही. हे वाक्य मला आता सफाईने म्हणता येतं, रिक्षावाल्याला पत्ता सांगावा तसं. मी घरी असताना मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांना बजावलं होतं की हा विषय काढायचा नाही. आमच्याकडे विषय बंद झाला की असा बंद होतो की मागून आलेल्या माणसाला तो होता हेही कळत नाही. बदली बाई मागून आल्या होत्या. मुलांना तर कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

मग छोटू वर्गात आला कुठून?

त्याला मीच आणलं होतं. मी रजेवर जाण्यापूर्वी शाळेने नवा प्रोग्रॅम घेतला होता. विषय सांगायचा की तो चित्रांसकट आख्खं प्रेझेंटेशन करून देतो. आम्ही त्याला जावईबापू म्हणायचो, कारण त्याला गोड बोलून काम सांगावं लागे, तो ते आपल्या मर्जीने करी आणि इंटरनेट गेलं की रुसून बसे. त्याच्या पहिल्या पानावर एक चौकट होती, तुमच्या वर्गाबद्दल सांगा अशी. त्यात लिहिलेलं तो कायम लक्षात ठेवतो. बाकीच्या शिक्षकांनी तिथे एकेक ओळ लिहिली. मी परिच्छेद लिहिला. पोट टेबलाला टेकत होतं म्हणून खुर्ची मागे सरकवून, हात लांब करून लिहिला होता, ते आठवतं.

मजकूर असा होता: मी दुसरीला शिकवते. मला चार वर्षांची मुलगी आहे, तिला आम्ही ताई म्हणतो. पुढच्या महिन्याच्या शेवटी बाळ येणार आहे, त्याला छोटू म्हणू. त्याच्यासाठी पिवळं झबलं आणलं आहे. गणितात आणि विज्ञानात या दोघांची उदाहरणं घाल. बाळ जसजसं वाढेल तशी उदाहरणंही वाढव, म्हणजे मुलांना वाढ म्हणजे काय ते कळेल.

जावईबापूंनी शब्द पाळला. ठरल्या महिन्याच्या शेवटी त्यांच्याकडे बाळ जन्मलं. मग ते पालथं पडलं, बसू लागलं, त्याला दात आला. बदली बाईंना वाटलं, घरी बसून मीच सगळं कळवते आहे.

*

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले तेव्हा मुलांनी बाकं वाजवली. मागच्या भिंतीवर कागदाची लांब पट्टी चिकटवली होती. तिच्यावर सगळ्यांच्या उंचीच्या रेघा होत्या, रेघेशेजारी ज्याचं त्याचं चित्र. सगळ्यात खाली, सगळ्यांच्या कमरेच्याही खाली, पिवळ्या खडूची एक रेघ होती.

"तो छोटू," पहिल्या बाकावरची वकीलबाई म्हणाली. तिचं हे नाव मीच पाडलं होतं. अर्ध्या गुणासाठी ती शेवटपर्यंत भांडते. "पण बाई, ती जुनी आहे. आता वाढला असेल ना? तुम्ही मोजून आणा."

"आणि त्याला आणा पण!" मागून कुणीतरी ओरडलं.

"गप रे. बाळांना शाळेत आणत नसतात, सर्दी होते."

"तुलाच झालीये सर्दी!"

मी फळा लावला. आमचा फळा आता पडद्यासारखा उजळतो. बेरजेचा धडा मागितला होता, तो आला. एका गालिच्यावर दोन वेण्यांची मुलगी आणि पिवळ्या झबल्यातलं गोबरं बाळ. खाली उदाहरण: बाईंच्या घरी दोन मुलं आहेत. ताई दिवसाला दोन केळी खाते. छोटू अर्धं केळं कुस्करून खातो. तर दोन दिवसांत दोघं मिळून किती केळी खातील?

"पाच!" वकीलबाई हात वर न करताच म्हणाली.

"बरोबर," मी म्हणाले.

मला काहीतरी व्हायला हवं होतं. मी थोडी थांबलेही. मांडी घालून खूप वेळ बसलं की पाय बधिर होतो, त्यावर चापट मारली तर दुसऱ्याच कुणाच्या पायावर मारल्यासारखी लागते. तसंच होतं. मी पुढच्या स्लाइडवर गेले. त्यात तो डबा वाजवत होता.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी बोलावलं. बदली बाईंनी जाताजाता त्यांच्याकडेही छोटूचं कौतुक केलं होतं, तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाण्याचा पेला पुढे सरकवला, मग तो परत स्वतःकडे ओढला आणि स्वतःच प्यायल्या.

"माझंच चुकलं गं. तिला सांगायला हवं होतं. पण विषय काढायचा नाही म्हटल्यावर..."

"हरकत नाही, बाई."

"हरकत कशी नाही? हे बघ. शुक्रवारी पालक वर्गात येऊन बसणार आहेत. निम्म्यांना तुझं माहीत आहे. त्यांच्यासमोर पडद्यावर हे यायला नको. एक ओळ तर काढायची. मुलांना काही सांगायच्या भानगडीत पडू नकोस. आठवडाभरात विसरतील. पोरांचं डोकं म्हणजे अळवावरचं पाणी."

"काढते," मी म्हणाले.

"मी काढून घेऊ का कुणाकडून? शिपाईमामांच्या पुतण्याला येतं सगळं."

"नको," हे मात्र मी पटकन म्हणाले. "मीच काढते."

*

वर्ग रिकामा होता. मी ती चौकट उघडली. माझाच परिच्छेद, पुन्हा वाचला. छोटूपासूनचा भाग निवडला, तो निळा झाला. आता एक बटण दाबायचं होतं.

मी निवड सोडून दिली आणि त्याऐवजी लांबी मोजण्याचा धडा मागितला.

जावईबापूंनी वेळ लावला नाही. छोटू टेबलाच्या कडेला धरून उभा होता. टेबल ताईच्या कमरेइतकं आणि छोटूच्या हनुवटीइतकं उंच. असा उभा राहतो तो, मी मनात म्हटलं. उभा राहतो आता.

मग मी रोज मागायला लागले. वजाबाकी. घड्याळ. कपड्यांचे प्रकार. पाण्याचे उपयोग. जे धडे पुढच्या सहामाहीत येणार होते तेही. डबा उघडा राहायचा, मी घास न बघता तोंडात टाकायचे आणि पडद्यावर बघत बसायचे. पाण्याच्या उपयोगात त्याने बादलीत हात घातला होता. चेहरा दर वेळी वेगळा. कधी कुरळे केस, कधी टक्कल, एकदा तर डाव्या हाताला सहा बोटं. झबलं मात्र तेच, पिवळं. घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ते किमतीच्या चिठ्ठीसकट ठेवलेलं होतं. प्रोग्रॅमच्या लेखी ते धुऊन धुऊन फिकं व्हायला लागलं होतं की काय कोण जाणे, एका चित्रात मला तसं वाटलं.

एकदा संध्याकाळी ताईला भरवता भरवता मी लॅपटॉप उघडा ठेवला. नवरा भाजी चिरायची सुरी हातात घेऊनच मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ.

"हा आपल्यासारखा दिसत नाही," तो म्हणाला.

"रोज वेगळा दिसतो."

"मग कशाला बघतेस?"

"काय करतोय ते बघते."

त्याने सुरी ओट्यावर ठेवली, हात पुसले, परत आला. "काय करतोय?"

"चमचा फेकला."

तो हसेल असं मला वाटलं, पण तो ताईच्या तोंडाला लागलेलं पुसायला लागला. स्वच्छ झालं तरी पुसतच राहिला. ताई वैतागली. "बाबा, तोंड झिजेल माझं."

आमची ही ताई. बाळाची चाहूल लागली तेव्हा आम्ही तिला ताई म्हणायला सुरुवात केली, म्हणजे बाळ आल्यावर तिला सवय असावी. तिनेही ते नाव असं घट्ट धरलं की जुन्या नावाने हाक मारली तर वळून बघत नसे. मग ते झालं. आणि तिला पुन्हा जुन्या नावावर कसं आणायचं ते आम्हाला कळेना. बाजारात लोक विचारतात, "ताई का? धाकटं कुणी आहे का घरी?" नवरा म्हणतो, "नाही, उगाच. लाडाने." ती माझं बोट धरून उभी असते आणि ऐकत असते.

तिला आम्ही सांगितलं होतं. सासूबाई म्हणत होत्या, देवाघरी गेलं म्हणा. पण दवाखान्यातल्या नर्सने नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, लहान मुलांशी सरळ बोला, नाहीतर ती शोधत बसतात. म्हणून आम्ही सरळ सांगितलं. बाळ मेलं. ते येणार नाही. ती म्हणाली, "बरं." आणि झबलं बाहुलीला घालू का म्हणून विचारलं. मी नाही म्हणाले.

*

गुरुवारी सासूबाईंना ताप आला. ताईला कुठे ठेवायचं हा प्रश्न पडला, तेव्हा मी तिला बरोबर घेऊन आले. तिला मागच्या बाकावर बसवलं, रंगीत खडू दिले. वर्ग नुसता माना वळवून बघत होता. पडद्यावरची ताई प्रत्यक्षात आली होती.

"बाई, हिच्या दोन वेण्या नाहीत!"

"छोटूला का नाही आणलं?"

"आधी सगळे पुढे बघा," मी म्हणाले आणि फळा लावला.

चौकटीतली ओळ अजून तशीच होती. शुक्रवार उद्यावर आला होता, मोठ्या बाईंना मी रोज आज काढते म्हणत होते. त्या दिवशी निदान जुना, छोटू नसलेला धडा घ्यायचा, असं मी घरून ठरवून निघाले होते. पण तापाच्या गडबडीत डोक्यातून गेलं, आणि लावला तो कालच मागितलेला. पडद्यावर आला वजाबाकीचा धडा. पिवळं झबलं, दोन दात, हातात बिस्किट. ताईकडे आठ बिस्किटं होती. तिने छोटूला तीन दिली. तर ताईकडे किती उरली?

"पाच," वर्ग म्हणाला.

"हे कोण आहे?" मागून ताईचा आवाज आला. सगळे वळले. ती उभी राहिली होती, बोटांना जांभळा खडू लागला होता.

"तू!" वकीलबाई म्हणाली. "आणि तुझा छोटू."

"आमच्याकडे बाळ नाहीये."

"आहे. त्याला दोन दात आहेत."

"नाहीये. ते मेलं."

वर्गात एकदम कालवा झाला. "शी! असं बोलतात का?" "बाई, ती बघा काय बोलते!" "खोटारडी!" "आम्ही त्याची रेघ पण काढलीये, ती बघ!" सर्दीवाला मुलगा तर रडकुंडीला आला होता. "तुला त्याला बिस्किटं द्यायची नाहीत म्हणून सांगतेस तू!"

ताई माझ्याकडे बघत होती. फक्त बघत होती. बाजारात नवरा 'लाडाने' म्हणतो तेव्हा बघते तशी.

माझ्या पाठीमागे पडदा होता. न वळताही त्याचा पिवळा उजेड माझ्या हातावर दिसत होता. मी गप्प राहिले असते तर वर्ग शांत झाला असता, पोरांनी तिला खोटारडी ठरवलं असतं आणि छोटूने सोमवारी पहिलं पाऊल टाकलं असतं. मला माहीत होतं. त्या धड्याची स्लाइड मी आधीच पाहून ठेवली होती.

"ताई खरं सांगते आहे," मी म्हणाले.

कालवा थांबायला जरा वेळ लागला. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं. मी पुन्हा म्हणाले. मग पत्त्यासारखं पाठ केलेलं ते वाक्य म्हणाले, श्वासाचं. यावेळी ते मध्येच अडकलं, मला पुन्हा सुरुवात करावी लागली.

"मग हा कोण?" वकीलबाईने पडद्याकडे बोट केलं.

"हा प्रोग्रॅमने काढला. बाळ येणार आहे असं मी त्याला लिहून ठेवलं होतं. पुढे काय झालं ते मी त्याला सांगितलंच नाही. म्हणून तो त्याला मोठा करत राहिला."

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"जमलं नाही."

"आमच्या आजोबांचा फोन नंबर बाबांनी अजून काढला नाहीये," सर्दीवाला नाक ओढत म्हणाला. "ते पण नाहीयेत."

वकीलबाईने मागच्या आठवड्यांच्या उजळणीची वही काढली होती आणि ती पानं उलटत होती. तिचा खालचा ओठ पुढे आला होता. अर्ध्या गुणासाठी भांडायची वेळ आली की येतो तसा.

"पण बाई, मग आमची उत्तरं? छोटूची सगळी उदाहरणं? केळ्यांचं, बादलीचं, झबल्याच्या बटणांचं? ती सगळी चुकली का?"

ती खरंच घाबरली होती. त्या सगळ्यांना बरोबरची खूण होती आणि ती खूण आता जाणार असं तिला वाटत होतं.

मी तिच्या बाकापाशी गेले. वहीतली अक्षरं मला थोडी हलल्यासारखी दिसत होती. छोटू अर्धं केळं. छोटूची चार बटणं. छोटू ताईच्या निम्मा उंच.

"नाही," मी म्हणाले. "बरोबरच आहेत."

"सगळी?"

"सगळी."

"खोडायचं नाही ना काही?"

"काहीच खोडायचं नाही."

तिने वही मिटून दप्तरात टाकली, आणि पट्ट्याचं बक्कलही लावलं.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं नेहमीच्या आवाजात बाहेर गेली नाहीत. दोघीतिघी ताईभोवती जमल्या. खोटारडी म्हणणाऱ्याला कुणीतरी तिच्यापुढे ढकललं. तो म्हणाला, "तुझी उंची काढू का?" ताईने मान डोलावली. तिला पट्टीपाशी उभं करून, डोक्यावर पुस्तक टेकवून जांभळी रेघ काढली. पिवळ्या रेघेच्या बरीच वर. पिवळीला कुणी हात लावला नाही.

मी चौकट उघडली. छोटूपासूनचं सगळं निवडलं, निळं झालं, बटण दाबलं. बदल जतन करायचे का, असं विचारलं. मी हो म्हणाले. मग सोमवारचा तो पावलाचा धडाही शोधून पुसून टाकला. तो उघडून पाहिला नाही.

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. कधी आल्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी वर्गाकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं.

"सांगितलंस?"

"ताईने सांगितलं."

त्यांनी मान हलवली आणि व्हरांड्यात पळणाऱ्या कुणावर तरी ओरडत निघून गेल्या.

मी ताईजवळ छोट्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागत होते. तिने तिचा डबा उघडला. त्यात बिस्किटं होती. तिने ती मोजली नाहीत. एक मोडलं आणि अर्धं माझ्यापुढे धरलं.

"आई, मी ताईच ना?"

"ताईच. दुसरं कोण?"

"बाजारात विचारलं तर?"

"सांगायचं, एक भाऊ होता म्हणून."

"बरं," ती म्हणाली, आणि खायला लागली.

मी ते अर्धं बिस्किट तोंडात टाकलं. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. बिस्किट मात्र गोड लागलं, आणि जरा मऊ पडलेलं. मला भूक लागली होती. मी तिच्या डब्यातलं आणखी एक घेतलं.

"ए," ती म्हणाली, "तुझा डबा खा ना."